सात घरचा भात

खोली पाहायला गेले तेव्हा घरमालकांनी भाडं सांगितलं नाही, पाण्याचं सांगितलं नाही. एकच प्रश्न विचारला, आणि तोही असा ओरडून की समोरच्या घरातली बाई हातात झाडू घेऊन दारात आली.

"किती भात खाता तुमी?"

मी गडबडले. म्हटलं, "सकाळी खाते. रात्री दोन पोळ्या."

त्यांनी आत तोंड केलं. "अवो, आइकलं का! सिस्टर आल्या राहाले. तब्येत बरी नाही वाटते त्याहिची. रात्री भात नाही खात!"

अशी मी त्या घरात आजारी म्हणूनच शिरले. करडीजवळच्या त्या गावात उपकेंद्राची नर्स म्हणून माझी बदली झाली होती. गावाला गोळ्या वाटायला आलेल्या बाईला पहिल्याच संध्याकाळी घरमालकांनी वाडगाभर पेज पाजली आणि संपेपर्यंत समोर उभे राहिले. तीन वर्षं काढली मी त्या खोलीत. सगळं गाव त्यांना बाबाजी म्हणायचं, मीही म्हणू लागले. त्यांच्या बायकोला मी आई म्हणायची.

बाबाजींची सारी उमर तुमसरला राईस मिलमध्ये गेली होती. मशीनच्या घरघरीत इतकी वर्षं उभं राहून हळू बोलणं म्हणजे काय, हेच ते विसरून गेले होते. कान चांगले होते. मी स्वतः तपासले. आवाजच फक्त एका जागी अडकला होता. गुपित सांगायचं तर तोंडाला हात आडवा लावायचे, आजूबाजूला पाहायचे आणि मग ते गुपित बोडीवर, म्हणजे गावतळ्यावर, कपडे धुणाऱ्या बायांपर्यंत पोचवायचे. कोणाच्या मुलीला पाहायला पाहुणे येऊन राहिले, कोणाच्या म्हशीचं दूध आटलं, गावाला आमच्याच घरातून कळायचं.

आईनं त्यावर उपाय काढला होता. मिलमधले लोक मशीन चालू असताना हातवारे करून बोलतात. ते हातवारे तिनं शिकून घेतले होते. तळवा आडवा फिरवला म्हणजे मशीन बंद, म्हणजे तोंड बंद. दोन्ही हात खाली दाबले म्हणजे पोतं उतरवा, म्हणजे जेवायला बसा. भांडणही तसंच. ते गरजत असायचे आणि ती एक शब्द न बोलता हात नाचवत असायची. पाहणाऱ्याला वाटावं, बाई बैलबंडी मागे घ्यायला सांगून राहिली.

बाबाजींची दुसरी खोड म्हणजे दाणा चावणं. धान असो, तांदूळ असो, समोर आला की एक दाणा दाढेखाली जायचा. कट्ट वाजलं तर माल वाळलेला, नाही वाजलं तर ओला. माणसंही ते याच मापानं मोजत. नवीन ग्रामसेवक आला तेव्हा म्हणाले, "ओला माल आहे. दोन उन्हं दाखवा लागतीन." फेशियल करून आलेल्या नवरदेवाबद्दल, "पॉलिश जास्त झाली. आता आत काही राह्यलं नाही." माझ्याबद्दल सव्वा वर्षानं एकदा अंगणातून जाहीर केलं, "सिस्टर वाळल्या आता!" मला बाई रडूच आलं. नंतर समजलं, ते कौतुक होतं.

एका लग्नात तर कहर केला. मंगलाष्टकं चालू, सगळ्यांच्या मुठीत अक्षता. यांनी एक दाणा तोंडात टाकला. भटजी श्वास घ्यायला थांबले आणि त्या शांततेत बाबाजी बोलले, "सावधान नंतर, आधी मिल बदला!" वधूपिता आजही त्यांच्याशी बोलत नाही.

माझं आणि त्यांचं जमायचं नाही ते एकाच गोष्टीवरून. दर मंगळवारी मी अंगणवाडीत गरोदर बायांना बसवून सांगायची: बायांनो, नुसत्या भातानं पोट भरतं, अंगाला लागत नाही, वरण खा, भाजी खा, अंडं खा. बाबाजी नेमके त्याच वेळी खिडकीखालून जात. "नोका आइकू! आमच्या मायनं सात लेकरं भातावर काढले!" बाया पदर तोंडाला लावून हसायच्या आणि माझा मंगळवार वाया जायचा.

आता चिन्नोरचं सांगते. चिन्नोर म्हणजे आमच्या भागातला वासाचा तांदूळ. पण त्या घरात चिन्नोर म्हणजे कोंबडी. गोरटेली, मानेवर तांबूस, गावरानी. आमच्याकडे कोंबड्या बाईच्या. कोणती बसवायची, कोणती कापायची, हे बाई ठरवते, पुरुषानं त्यात नाक खुपसायचं नसतं. ही एकटी मात्र बाबाजींची होती. पिल्लू असताना मुंगसाच्या तोंडातून त्यांनी सोडवली होती, फक्त ओरडून. मुंगूस ते पिल्लू टाकून जे पळालं ते पुन्हा त्या गल्लीत दिसलं नाही.

तेव्हापासून ती त्यांच्या मागे मागे. बाबाजी बोलू लागले की माणसं काही ना काही काम काढून उठायची. खरं सांगायचं तर मीही उठायची. रिपोर्ट लिहायचा आहे म्हणायची. ही तेवढी उठत नसे. त्यांच्या खाटेखाली, पायाच्या अंगठ्याशी मांडी घालून बसल्यासारखी बसायची आणि ते मिलच्या मालकाचं, मेलेल्या दोस्ताचं, कोणकोणतं दुपारभर सांगत राहायचे. त्या आवाजाला न दचकणारा त्या घरात तेवढाच एक जीव होता. मला कधीकधी वाईट वाटायचं, आणि तरी मी उठायचीच.

तर धान कापणी झाली, चुरणं म्हणजे मळणी झाली, आणि चिन्नोरनं अंडी कमी केली. आधी दिवसाआड देणारी आठवड्यात एकावर आली, मग तेही नाही. बरं, आजारी म्हणावं तर तुरा लालभडक, पिसं चमकणारी, चाल अशी की सरपंचीण बाजाराला निघाली. बाबाजींनी गल्लीत बोंब मारली आणि गल्लीनं आपापलं ज्ञान दिलं. एक म्हणे मुंगूस खाते. एक म्हणे बाहेर कुठं घालून येत असन, तणसाच्या ढिगात पाहा. पाहिलं. पेंढ्याचा अख्खा ढीग उलटा केला, त्यात समोरच्या बाईचा हरवलेला विळा सापडला, अंडं नाही. कोणी म्हणे नजर लागली. गुरांचे डॉक्टर करडीला आले होते, त्यांना दाखवली. ते म्हणाले, "कोंबडी एकदम तंदुरुस्त आहे बाबाजी. हिवाळ्यात दिवस लहान, उजेड कमी, थोडी कमी होतातच अंडी."

"थोडी म्हन्ते! इथं दुकानच बंद झालं!" बाबाजी म्हणाले आणि घरी येऊन त्यांनी त्यांच्या जन्माचा एकमेव इलाज सुरू केला. भात वाढवला.

सकाळी भिजवलेली कणकी, म्हणजे मिलमधून निघणारा तुकडा तांदूळ. दुपारी स्वतःच्या ताटातला भात. अंडं नाही आलं की आणखी मूठभर. धानाच्या मुलखात दुसरं सुचणार काय! बाळंतीण असो, तापकरी असो, रुसलेला जावई असो, आम्ही आधी भात वाढतो आणि मग विचारतो काय झालं.

इकडे आईचा संताप चढत होता. त्यांची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती, छान नातू झाला होता, आणि बाळ सव्वा महिन्याचं झालं की जावई न्यायला येणार होता. एका सकाळी कणकीचं टोपलं रिकामं पाहून आई भडकली. हातवारे सोडून तोंडानं बोलली, म्हणजे गोष्ट हातघाईवर आली होती.

"अजी, आइका! जावई येऊन राह्यले, त्याहिले रस्सा लागन. एक कोंबडी खुडूक बसली, एक पिल्लाइची, कोंबडा एकच. अंडं देनारीले कोनी कापत नाही. न देनारीले कोनी पोसत नाही. त्या रविवारपावतर तुमच्या शेठानीनं अंडं देलं तं ठीक, नाही तं तिचाच रस्सा!"

"बॉयलर कोंबडी आना ना!" बाबाजी ओरडले.

"जावयाले बॉयलर वाढू? पहिला नातू घेऊन चालले ते, अन् बॉयलर? नाक कापून ठेवन गाव माहं!"

आमच्याकडे ते खरंच आहे. जावयाला गावरानीच लागते. घरची असेल तर उत्तम.

बाबाजी माझ्या दारात येऊन उभे राहिले. "सिस्टर, तुमच्याजवळ बायाइले दूध याची गोळी असते. अंड्याची नाही का?"

मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा पाहून ते गिळलं. मोठा गडी, दारात उभा, आणि कोंबडीसाठी गोळी मागत होता.

मला कारण सापडलं ते आठवड्यानं, आणि सापडलं म्हणजे काय, माझ्याच थोबाडीत बसलं. घरोघरचा सर्व्हे चालू होता. मी आमच्या गल्लीत पहिल्या घरी वही उघडून बसले तर चिन्नोर दारात हजर. घरच्या बाईनं वाटीतला भात टाकला. म्हटलं, बरं. दुसऱ्या घरी गेले, पाचेक मिनिटांत ही तिथं. तिथंही भात. तिसऱ्या घरी आजीबाई तिची वाटच पाहत होत्या.

"कायले टाकता जी हिला?" मी विचारलं.

"तुमी ड्युटीवर होत्या तवा बाबाजीनं सांगतलं ना! अंडं नाही देऊन राह्यली, सारे मूठ मूठ टाका. पुन्याचं काम आहे."

सात घरं, सात वेळा भात. आणि खोटं कशाला बोलू, आठवी मी. रोज संध्याकाळी डब्यातला उरलेला भात मीच झाकणात काढून तिच्यापुढे ठेवत होते.

सातव्या घरी सहा महिन्यांची गरोदर पोरगी होती. तिचं रक्त कमी भरलं होतं. सवयीनं विचारलं, काय खातेस? म्हणाली, भात. आणखी? भातच. मी तोंड उघडलं, "अगं, नुसत्या भातानं पोट भरतं, अंगाला..." आणि तिथंच थांबले. चिन्नोर माझ्या पायाशी टम्म फुगून भात टिपत होती. मी तिला उचललं. बाप्पा! दगड उचलल्यासारखी जड. खालून हाताला नुसती चरबी. दोन वर्षं मी गावातल्या बायांना जे घसा फोडून सांगत होते, ते माझ्या खोलीसमोर रोज चालू होतं आणि मला दिसत नव्हतं. भातानं पोट गच्च भरलेल्या कोंबडीला किडामुंगी, पाला उकरायची गरज काय? आणि त्याशिवाय अंडं बनणार कशातून? वरचं कवच कशातून?

बाबाजींना सांगितलं तर ते पेटलेच. "भातानं? भातानं वाईट झालं म्हन्ता? आजपावतर भातानं कोनाचं वाईट झालं ते दाखवा मले!"

मग ते चूप झाले. संध्याकाळपर्यंत चूप, रात्री चूप, दुसऱ्या सकाळीही चूप. गल्लीतले तीन जण येऊन मला विचारून गेले, बाबाजींचं काही बरंवाईट तर झालं नाही ना. दुपारी ते आपणहून आले.

"सिस्टर, तुमी म्हन्ता तसं करू. पन भातावर आरोप नोका करू. माही चूक म्हना."

"तुमची चूक," मी म्हटलं. "आणि माझीही."

रविवारला सोळा दिवस होते. बाबाजी सातही घरी गेले आणि ज्या आवाजात भात मागितला होता त्याच आवाजात बंद केला. कणकी अर्ध्यावर आणली. तळ्यातले वाळवलेले झिंगे आईच्या नजरेआड खलबत्त्यात कुटले. लाखोरीच्या डाळीची चुरी, पालकाची देठं, भाजून कुस्करलेली अंड्याची टरफलं. सकाळी ते कुदळ घेऊन जुन्या लाकडाखालची वाळवी उकरायचे आणि मी ड्युटीला जायच्या आधी नर्सच्या साडीत डबा धरून उभी राहायची. चिन्नोरनं दोन दिवस उपोषण केलं. तिसऱ्या दिवशी झक मारत उकिरडा उकरू लागली.

आठ दिवस गेले, अंडं नाही. बारा गेले. बाबाजी रोज सकाळी खुराड्यात हात घालून रिकामा बाहेर काढायचे आणि माझ्याकडे पाहायचे. मी आतून हादरले होते. लोकांना इतक्या छातीठोकपणे सांगते मी, हे करा, हे होईल. आता माझ्या शब्दावर त्यांनी जीव टांगला होता.

शनिवारी दुपारी ते आले, तोंडाला हात आडवा लावला, आजूबाजूला पाहिलं आणि गर्जले, "सिस्टर! उद्या चिन्नोरले तुमच्या खोलीत कोंडून ठेवा! बुढीले सांगू नोका!"

रांधणीतून, चुलीपाशी बसलेल्या आईचा आवाज आला, "आइकलं मी!"

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास जावई आले. वरठीला कारखान्यात कामाला, शांत स्वभावाचे. मोटरसायकल लावली, सासऱ्याच्या पाया पडले, दोन मिनिटांत चार गावांना ऐकू जाईल असा आशीर्वाद घेतला आणि बाळाला पाहायला आत गेले. खुराडं रिकामं होतं. सकाळी अंडं नव्हतंच, आता चिन्नोरही नव्हती.

बाबाजींना वाटलं मी लपवली. मला वाटलं त्यांनी लपवली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांचाही चेहरा पडला. ते मागच्या अंगणात हाका मारत धावले. मी आईला विचारावं म्हणून रांधणीत गेले. आई तिथं नव्हती. चुलीजवळ पातेल्यासारखा एक गंज झाकून ठेवला होता. मी झाकण उचललं.

हळद-मीठ लावलेले तुकडे. काठोकाठ.

प्रसूती करणारी बाई मी, रक्ताला भीत नाही, पण त्या गंजासमोर मी मट्टकन खाली बसले. बाहेरून त्यांचा आवाज येत होता, "चिन्नोर! ओ चिन्नोर! आ, आ, आ!" आता हे त्यांना मी सांगायचं? कोणत्या तोंडानं? सोळा दिवस त्यांना आशेला लावलं ते मीच ना.

तेवढ्यात अंगणात जावयाचा आवाज झाला. "अजी मामाजी, हे पाहा बरं काय आहे माह्या हेल्मेटमधी!"

मी धावत बाहेर आले. जावयांनी गाडी लावताना हेल्मेट तणसाच्या ढिगावर उलटं टाकलं होतं. त्यात, मऊ अस्तरावर, चिन्नोर ऐसपैस बसली होती. कोणी जवळ गेलं की टोच मारायला मान पुढे करत होती. आम्ही सगळे तिच्याभोवती गोल करून उभे. बाळंतीण बाळाला घेऊन उभी, आई पदराला हात पुसत उभी. पंधरा-वीस मिनिटं गेली. मग ती उठली, अंग झाडलं, आणि गावाला सांगत सुटली. खाली अंडं होतं. गरम, फिकट तपकिरी.

बाबाजी उभ्या जागी रडले. तेही मोठ्यानंच. बाळ दचकून रडू लागलं, जावई हसू लागले, आणि मी तर दोन्ही करत होते. इतकं हलकं मला माझी नोकरी पक्की झाली तेव्हाही वाटलं नव्हतं. हो, तोवर दिवसही मोठे होऊ लागले होते, डॉक्टरांचं म्हणणंही त्यात थोडं असेल. असो. त्या दिवशी मी सगळं श्रेय वाळवीला दिलं.

मग एकदम आठवलं. ही इथं आहे, तर गंजात कोण आहे?

आई रांधणीत परतली होती, कांदा परतत होती. मी जाऊन गंजाकडे बोट दाखवलं. तिनं तळवा आडवा फिरवला. मशीन बंद.

"हळू बोला," ती म्हणाली. "बॉयलर आहे. सकाळीच करडीवरून मांगवली."

"सकाळीच? अंड्याच्या आधी?"

"हाव."

"पण जावयाला बॉयलर? तुम्हीच म्हणालात ना, नाक जाईल?"

"जाऊ द्या जी नाक. मसाला काळा भाजला की कोनाले समजत नाही."

माझं डोकंच फिरलं. "मग सोळा दिवस आम्हाला काहून नाचवलं आई? वाळवी उकरली मी! सरकारी साडीत!"

"रागात बोलून गेली ना मी. मांगं कशी घेऊ?" ती तुकडे पातेल्यात टाकत म्हणाली. "अन् तुमी दोघं मेहनत करून राह्यले होते, मनलं, अंडं देलं तं बरंच आहे. ह्याहिले मात्र नोका सांगू. त्याहिले वाटू द्या अंड्यानं वाचली."

मी नाही सांगितलं. त्यांना आजही तसंच वाटतं.

बाहेर बाबाजी सुरू झाले होते. जावयाची गाडी कोणती, वरठी किती लांब, पोरगी आज किती वाजता निघणार, नातवाचं नाक कोणावर गेलं, सगळं ते चिन्नोरला सांगत होते आणि ती त्यांच्या पायाशी बसली होती.

रस्सा शिजत आला तेव्हा आईनं त्यावर झाकण ठेवलं. "आइका," ती म्हणाली. "घंटाभर झाला, चालूच आहे. तिले कापली असती तं हे सारं मले बसून आइका लागलं असतं. अन् पाहा, मी कशी आरामात सैपाक करून राह्यली."